भाईदासने पास केलेला गॉगल

आधीच सांगून ठेवते, ललितचं नाव निघालं की माझ्या जिभेला हाड राहत नाही. शेजारच्या मालतीबाई म्हणतात, "सरलाबाई, दोन वर्षं झाली आता, सोडा की." का सोडू? त्याने सोडलं होतं का आम्हाला? चोर घरात शिरतो तेव्हा भांडीकुंडी नेतो. ह्या मेल्याने माझ्या नवऱ्याची नजर नेली, आणि तीही चार माणसांसमोर, हसत हसत.

आमच्यात बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, घेतलंच तर उखाण्यात. पण माणसाबद्दल सांगायचं तर नाव हवं, म्हणून एकदाच घेते: भाईदास वाडिले. पुढे मी नुसतं 'हे' म्हणेन, तुम्ही समजून घ्या.

तापीकाठचं, सारंगखेड्याजवळचं आमचं गाव. आम्ही भोई. सासरे नाव चालवायचे, मासे धरायचे, आणि हे सात वर्षांचे असल्यापासून नावेच्या टोकाला बसून पाण्यात बघायचे. सासरे लोकांना कौतुकाने सांगायचे की आमच्या पोराला माशाआधी माशाची सावली दिसते. बाविसाव्या वर्षी हे सुरतला आले, कारण गावातले चार जण आधी आले होते आणि इथे मागावर काम होतं. कतारगामला खोली घेतली तीसुद्धा नदी चालत गाठता यावी म्हणून. नदी तीच, आमच्याच गावावरून आलेली, फक्त इथे जरा अंगाने सुटलेली.

पहिली काही वर्षं मागावर गेली. मग कारखान्याच्या शेठने ह्यांना फोल्डिंगला घेतलं, कापड तपासायला. मागावरून उतरलेल्या कापडाच्या गठ्ठ्याला इथे ताका म्हणतात. काचेचं टेबल, खालून ट्यूबलाइट, आणि त्यावरून ताका ओढत न्यायचा. तुटलेला धागा, तेलाचा डाग, कारागिराला डुलकी लागली ती जागा, सगळं ह्यांना दिसायचं. ताका चांगला निघाला की कोपऱ्यावर निळ्या पेन्सिलीने एक बरोबरची खूण करायचे आणि खाली 'भा' लिहायचे. बाजारातले व्यापारी तो 'भा' बघून ताका उघडायचेसुद्धा नाहीत. एकवीस वर्षं असं चाललं. मला त्या अक्षराचा इतका माज होता की पाण्याच्या नळावर मी त्या जोरावर भांडून नंबर मिळवायचे.

ललित आमच्याच शेजारच्या गावचा. त्याच्या आईने ह्यांचे पाय धरले म्हणून ह्यांनी त्याला सुरतला आणलं. आठ महिने आमच्या खोलीत राहिला, माझ्या हातची कळण्याची भाकर खाल्ली, "वहिनी, अजून एक" म्हणत खाल्ली. ह्यांनीच त्याला धागा ओळखायला शिकवलं. शिकला ते वेगळंच. शेठच्या मागेपुढे करत पाच वर्षांत फोल्डिंगचा मास्तर होऊन बसला, ह्यांच्या डोक्यावर.

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतरच्या दिवाळीत सगळ्या सुरतेला घाई सुटली होती. बुडालेलं काम भरून काढायचं होतं. हे तीन दिवस भाचीच्या साखरपुड्याला गावी गेले. तेवढ्यात ललितने ह्यांच्या खणातली निळी पेन्सिल काढली, न तपासलेल्या चाळीस ताक्यांवर स्वतःच्या हाताने बरोबरची खूण केली, खाली 'भा' लिहिलं आणि माल रवाना केला. माल परत आला. डागांनी भरलेला, धागे तुटलेला. हे म्हणाले, "खूण माझ्यासारखी आहे, पण माल मी बघितलेला नाही." ललित शेठला काय म्हणाला, ऐका. म्हणाला, "शेठ, हा माल भाऊंनी गावी जायच्या आधीच पास केला होता. भाऊंचं वय झालं. त्यांना आता दिसत नाही, आणि ते कबूल करवत नाही." अख्खं फोल्डिंग खातं उभं होतं. कोणी ब्र काढला नाही.

शेठने गोड बोलून घरी बसवलं. हे घरी आले, हातपाय धुतले, जेवले. मी म्हटलं, "चला, त्याच्या दारात जाऊन तमाशा करते, त्याची लाज काढते." हे म्हणाले, "राहू दे." ह्यांच्या ह्या 'राहू दे'ने माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्या दिवशी मी मनात गाठ मारली की ह्या ललितला एकदा तरी सगळ्यांसमोर तोंडघशी पाडीन. देवाने नाही पाडलं तर मी पाडीन.

हे मग एका गोदामावर वॉचमन झाले आणि सकाळी उजाडलं की तापीवरच्या कॉजवेच्या, म्हणजे बुटक्या पुलाच्या, वरच्या अंगाला गळ टाकायला बसू लागले. मरळ मासळी धरायची म्हणजे ती आधी दिसावी लागते. ती शेवाळाखाली दबून असते, श्वास घ्यायला क्षणभर वर येते, आणि तेवढ्यात तिच्या तोंडासमोर गळ पडला पाहिजे. नजर चांगली होती ह्यांची, पण पन्नाशीनंतर पाण्यावरची चकाकी सोसवेना. ऊन वर आलं की नुसता लखलखाट, खालचं काही दिसायचं नाही. म्हणून हे गॉगल घ्यायला गेले.

आणि काय केलं सांगू? गॉगल घ्यायला गेलेला माणूस, पण सवय ताक्याची! शनिवारच्या बाजारात ट्यूबलाइटखाली उभं राहून खिशातला पांढरा रुमाल पसरला आणि वीस गॉगल त्यावर ठेवून शेड बघितली. ज्याची शेड सगळ्यात एकसारखी, कुठे पट्टा नाही, कुठे फिकं नाही, असा सगळ्यात काळाकुट्ट गॉगल निवडून आणला. दुसऱ्या दिवशी नदीवर ढग आले तर ह्यांना स्वतःची काठी दिसेना. ऊन पडलं तर चकाकी होती तिथेच, फक्त काळी झालेली. मी पोट धरून हसले. म्हटलं, "कापडाची शेड बघून गॉगल घेणारा अख्ख्या सुरतेत दुसरा सापडायचा नाही." हे पण हसले. तो काळा गॉगल मालतीबाईंच्या नवऱ्याला दिला, तो तो घालून स्कूटरवर मिरवायचा.

मग एक दिवस गळाला मासा लागायच्या ऐवजी गॉगलच लागला. कोणा पैसेवाल्याचा पाण्यात पडला असेल. एक काच फुटलेली, दुसरी शाबूत, तपकिरी. ह्यांनी धोतराला पुसून सहज डोळ्याला लावला आणि पाण्याचा तळ दिसला. दगड, शेवाळ, बोटाएवढी पिल्लंसुद्धा. मान वाकडी केली तर चकाकी परत आली, सरळ केली तर गेली. हे गळ तिथेच टाकून घरी धावत आले. मला वाटलं साप चावला. म्हणाले, "परात काढ, पाणी ओत."

माझ्या लग्नातली पितळी परात, तळाशी टिंब टिंब करून नाव कोरलेलं, सौ. सरला भाईदास वाडिले. परात दारात उन्हात ठेवली, पाणी ओतलं. तिरकं उभं राहून बघितलं तर पाण्यावर नुसती चकाकी, नाव दिसेना. ती काच लावली तर नाव सबंध वाचता आलं. काच आडवी फिरवली की नाव गेलं. ह्यांचे डोळे असे चमकले, असे चमकले, की नोकरी गेल्यापासून मी ते तसे बघितले नव्हते. "कापडाची लकाकी अशीच मारावी लागते," म्हणाले. "रंग नाही बघायचा. लकाकी मरते का ते बघायचं."

तेव्हापासून त्या परातीत मी भाकरीचं पीठ मळलं ते फक्त ह्यांची परवानगी घेऊन. कॉजवेवर रविवारी गळ टाकायला येणारे हौशी लोक, पाण्याजवळून गाडी चालवणारे ड्रायव्हर, असे एकेक जण गॉगल घेऊन आमच्या दारात यायला लागले. हे काच परातीवर धरून फिरवायचे. नाव उमटून परत गेलं नाही, म्हणजे नुसती रंगवलेली काच. दोन खरे असले तर एकावर एक आडवे धरायचे, तिथे अंधार पडायचा. मग काचेतून दाराची चौकट बघून मान हलवायचे. चौकट लाटेसारखी हलली तर म्हणायचे, "हा लावू नकोस, डोकं दुखेल." बाजूने ऊन शिरतं का तेही बघायचे. आणि उजेडाचं गणित समजावून सांगायचे, अगदी मन लावून: झुंजुमुंजू उजेडाला आणि दाट ढगाला पिवळी काच, भर दुपारच्या पांढऱ्या उन्हाला राखाडी, आणि एकच घ्यायचा असला तर तपकिरी. आषाढात तर तपकिरीच, कारण घटकेत ऊन, घटकेत ढग. कोणी विचारलं, "काळा?" तर माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "काळा स्कूटरसाठी."

निवडलेला गॉगल कापडाच्या चिंधीत गुंडाळायचे आणि चिंधीवर निळ्या पेन्सिलीने खूण करायचे. खाली 'भा'. लोक म्हणायला लागले, "भाईदासने पास केलेला आहे." गेलेलं अक्षर परत आलं होतं. कोणी ह्यांना आंधळा म्हणत नव्हतं.

सत्त्याण्णव सालच्या आषाढात ललित दारात उभा राहिला.

हातात चार गॉगल. शेठचा मेहुणा अमेरिकेहून आला होता, त्याला मरळ धरायचं वेड. त्याचा स्वतःचा गॉगल गाडीत कोणाच्या तरी बुडाखाली येऊन मोडला होता. रविवारी इच्छापोरच्या पुढच्या तळ्यावर जायचं ठरलं होतं. ललितने चौकातल्या इम्पोर्टेड मालवाल्याकडून चार गॉगल जांगडवर आणले होते, म्हणजे पसंत पडला तो ठेवायचा, बाकीचे संध्याकाळी परत. आमच्या उंबऱ्यावर बसला. मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

"भाऊ," म्हणाला, "तुमच्याशिवाय हे कोणाला जमणार नाही. पाहुणा खूष झाला तर शेठ खूष. रविवारी फोल्डिंगची माणसं पण असतील तिथे. मी सगळ्यांसमोर शेठला सांगतो की भाऊंची नजर शाबूत आहे, त्यांना टेबलावर परत घ्या. माझा शब्द."

मी चुलीपासून म्हटलं, "आणि ती चाळीस ताक्यांवरची खूण कोणी केली, तेही सांगशील का रे?"

त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. "वहिनी अजून रागावलेल्या दिसतात," असं ह्यांना म्हणाला आणि हसला. मी लाटणं इतकं घट्ट धरलं होतं की बोटं दुखली.

तो गेल्यावर मी ह्यांना धरलं. म्हटलं, "त्याचा शब्द? आठ महिने माझं अन्न खाऊन माझ्याच ताटात थुंकला तो. तुम्ही त्याला खोटा गॉगल द्या. पाहुण्यासमोर फजिती होऊ दे, शेठ त्याला जोड्याने मारू दे."

हे चारी गॉगल ओळीने मांडत होते. म्हणाले, "माले टेबल जोयजे, सरला." टेबल पाहिजे. घरात आम्ही अहिराणीतच बोलतो, पण इतकं स्पष्ट काही मागताना मी ह्यांना कधी ऐकलं नव्हतं. "त्याचं काय व्हायचं ते होवो. मला एकदा परत त्या टेबलाशी उभं राहायचंय. माझ्या खुणेने, माझ्या डोळ्याने. म्हातारपणात एवढंच."

मी चुलीकडे वळले. पटलं म्हणून नाही.

ह्यांनी परात काढली. एक गॉगल काळा, एक पिवळा, दोन तपकिरी. दोन्ही तपकिरी जुळ्या भावांसारखे, तीच फ्रेम, तोच रंग, आत तेच सोनेरी अक्षर. पण एकातून माझं नाव दिसलं आणि फिरवल्यावर गेलं, दुसऱ्यातून कसाही फिरवा, नुसती चकाकी. एक खरा, एक रंगवलेला. हे कितीतरी वेळ आलटून पालटून बघत राहिले. मग खरा उजव्या हाताला ठेवला, चिंधीत गुंडाळला, गाठ मारली, खूण केली, 'भा' लिहिलं. खोटा तपकिरी काळ्या-पिवळ्याबरोबर परतीच्या पिशवीत टाकला. आणि सार्वजनिक नळावर अंघोळीला गेले.

दोन वर्षं त्या परातीत पाणी ओतणारी मीच. कुठला खरा, कुठला खोटा, मला काय दिसलं नव्हतं? मी गाठ सोडली. खरा पिशवीत टाकला, खोटा चिंधीत बांधला. तशीच गाठ, तशाच दोन फेऱ्या. इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की सांगू नये. अमेरिकेतला माणूस, त्याला खोटी काच लगेच कळणार. शेठसमोर, मेहुण्यासमोर, फोल्डिंगच्या माणसांसमोर ललितचं तोंड उतरणार. टेबल? टेबल हा ललित देणार होता होय? त्याने जन्मात दिलं नसतं. मी मनाला हेच सांगितलं, आणि ते मनाला लगेच पटलं.

संध्याकाळी ललित आला. चिंधी खिशात घातली, पिशवी स्कूटरला अडकवली. "भाऊ, उपकार झाले," म्हणाला. मी त्या दिवशी पहिल्यांदा त्याला चहा दिला. साखर जास्त घालून दिला.

रविवारी मीही गेले. धरलेली मरळ तिथेच खानदेशी मसाल्यात तळून हवी होती पाहुण्याला, म्हणून शेठनेच बोलावलं होतं. नसतं बोलावलं तरी गेले असते. हा तमाशा मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. तळ्याच्या बांधावर स्टोव्ह मांडला, वाटण काढलं. आकाशात ढग होते, मधूनच ऊन पडायचं, पाणी पत्र्यासारखं चमकायचं. हे पाहुण्याजवळ उभे होते, धुतलेला सदरा घालून. सकाळी दाढीसुद्धा केली होती ह्यांनी. ते बघूनही मी कांदा परतत राहिले.

ललितने खिशातून चिंधी काढली, सगळ्यांना खूण दाखवली. "आमच्या भाऊंनी पास केलाय, शेठ. भाईदासची खूण!" फोल्डिंगची चार माणसं मान वर करून बघत होती. त्यातल्या एकाने ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. पाहुण्याने गॉगल घातला, पाण्याकडे बघितलं, मान वाकडी केली, परत सरळ केली. काढला. काच उजेडाला धरली.

"आ पोलराइज नथी," म्हणाला. "नुसती रंगवलेली काच आहे ही."

आता! मी झारा हातात धरून उभी राहिले. आता शेठ ललितवर उखडणार. शेठ ललितकडे वळले, "आ शुं लाव्यो?" हे काय आणलंस, असं म्हणाले, आणि ललितचा चेहरा खरंच पांढरा पडला. एवढंच सुख मला मिळालं. एक श्वास घ्यायला लागतो ना, तेवढंच.

दुसऱ्या श्वासाला त्याने चिंधी पुढे केली. "शेठ, मी कशाला? हे बघा, खूण भाऊंची. चार गॉगल त्यांच्याकडे दिले होते, त्यातून त्यांनी हा निवडला." आणि मग आवाज खाली आणून, दुःख झाल्यासारखं, "मी तेव्हाच म्हटलं होतं ना शेठ. दिसत नाही त्यांना."

त्या चिंधीकडे बघताना मला कळलं. ह्यांनी न बघितलेल्या मालावर ह्यांची खूण. ललितने प्लेगच्या वर्षी जे केलं, तेच मी केलं होतं, माझ्या हाताने, माझ्या घरात. खुणेशिवाय ललितने ते पुडकं घेतलं नसतं, म्हणून खूण हवीच होती. पण ती खूण कोणाची, हे माझ्या संतापाच्या भरात डोक्यातच आलं नाही.

ह्यांनी पाहुण्याच्या हातातून गॉगल घेतला. खाली बसून तळ्याच्या पाण्यावर धरला, फिरवला. परत फिरवला. ऊन आलं, गेलं, हे फिरवतच होते. मी वाट बघत होते की आता म्हणतील, खूण माझी, माल माझा नाही. मागच्या वेळी म्हणाले होते तसं. म्हणाले असते तर मी पुढे होऊन साक्ष दिली असती. हे उठले. चेहरा असा झालेला की मला ओळखू येईना.

"माझीच चूक आहे, शेठ," म्हणाले. "दोन सारखे होते. बांधताना अदलाबदल झाली. मला दिसलं नाही."

"खोटं आहे ते!" मी ओरडले. झारा फेकून धावले. "मी बदलला! ह्यांनी खरा बांधला होता, ह्यांच्या पाठीमागे मी गाठ सोडली! ह्या ललितचं नाक कापायला मी केलं! ह्यांचे डोळे चांगले आहेत, शेठ, मी केलं!"

मग ललित हसला. मोठ्याने नाही, हळू. "वहिनी, नवऱ्यासाठी एवढं कोण करतं आजकाल," म्हणाला. फोल्डिंगच्या माणसांनी माना खाली घातल्या, ज्याने पाठीवर हात ठेवला होता त्यानेसुद्धा. शेठ म्हणाले, "बेन, तमे रसोई संभाळो." पाहुणा गाडीत जाऊन बसला. मी शपथा घातल्या, छाती बडवून घेतली, ललितला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. जितकी ओरडले तितकं ते सगळ्यांना खोटं वाटत गेलं.

शेवटी मी ह्यांचा हात धरला. म्हटलं, "तुम्ही तरी सांगा ना, तुम्ही खराच बांधला होता!"

ह्यांनी माझा हात हळूच सोडवला. "मन्हासाठे खोटं नको बोलू, सरला," म्हणाले. "चार लोकं हसी ऱ्हायनात."

ह्यांचाही विश्वास बसला नाही. माझ्या नवऱ्याचाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी चौकात त्या इम्पोर्टेड मालवाल्याकडे धावले. खरा गॉगल आणून परातीवर धरायचा, ह्यांच्या डोळ्यांसमोर धरायचा, एवढंच मनात होतं. दुकानदार म्हणाला, तपकिरी ना, तो रविवारीच विकला गेला. कोणाला? त्याला काय माहीत. गिऱ्हाईक होतं, घेऊन गेलं. मी तिथेच दुकानाच्या पायरीवर बसून रडले, आणि लोक मला वळसा घालून आत जात राहिले.

घरी येऊन मी ह्यांना परत सगळं सांगितलं, पहिल्यापासून. गाठीच्या दोन फेऱ्यासुद्धा सांगितल्या. हे ऐकून घेतात, अजूनही सांगितलं की ऐकून घेतात. म्हणतात, "बरं." त्यांना वाटतं ही मला समजावतेय. मी कधी कधी चिडून भांडते, मला शिव्या द्या म्हणते, हात उचला म्हणते, पण विश्वास ठेवा. हे म्हणतात, "जेवायला वाढ."

ललितने शब्द पाळला असता का? मी स्वतःला सांगते, नसता पाळला, तो हलकट आहे. पण त्या दिवशी धुतलेला सदरा घालून हे उभे होते, आणि चार माणसं मान वर करून बघत होती. गॉगल खरा निघून शेठने ह्यांच्या नजरेबद्दल विचारलंच असतं तर त्या पाहुण्यासमोर ललितला नाही म्हणता आलं असतं का? हे आता मला कधीच कळायचं नाही. ललितला मी अजून सोडलेलं नाही, रस्त्यात दिसला की त्याच्या नावाने बोटं मोडते. तो "कशा आहात, वहिनी" म्हणून पुढे जातो. त्याचं काही एक बिघडलेलं नाही.

गॉगल घेऊन आता आमच्या दारात कोणी येत नाही. परातीत मी रोज पीठ मळते, परवानगी मागावी लागत नाही. हे अजून नदीवर जातात, पण मरळीच्या मागे नाही, दोरी टाकून बसतात आणि लागेल ते आणतात. पेन्सिल कुठे गेली, मी विचारलेलं नाही.

परवा मी तांदूळ निवडत होते. हे समोर येऊन बसले, सुपातून मूठभर तांदूळ घेतले, उजेडाला धरले. ज्या माणसाने एकवीस वर्षं कापडातला एक तुटलेला धागा सोडला नाही, त्याने तळहात माझ्यासमोर केला आणि विचारलं, "सरला, ह्यात खडा आहे का गं?"

नव्हता. मी नाही म्हणून सांगितलं. ह्यांनी तळहात परत उजेडाला नेला, बराच वेळ बघितलं, आणि मला पुन्हा तेच विचारलं.